अर्थ लागेना

चार जण मागून ढकलत होते आणि पाचवा उघड्या दारातून स्टिअरिंग धरून गाडीबरोबर चालत होता. जुनी निळी व्हॅन, दोन्ही अंगांना मोठाले डोळे रंगवलेले. रंग उडून उडून त्या डोळ्यांवर झापड आल्यासारखी दिसत होती. व्हॅन कशीबशी दुकानाच्या पायरीशी आली आणि थांबली. मागचे चौघे कमरेवर हात ठेवून धापा टाकायला लागले.

पायरीवर ती एका ट्रॅक्टरचा सेल्फ-स्टार्टर खोलून बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काय झालं?"

"गाडी गेली," पाचवा म्हणाला.

"कुठे गेली? ही काय, समोर आहे."

"म्हणजे... गेलीच. एकदम. दिवा नाही, हॉर्न नाही, वायपर नाही. किल्ली फिरवली तर टक् असा आवाजसुद्धा नाही." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "मिस्त्री कुठे आहेत?"

आतल्या स्टुलावरून तिचा मामा म्हणाला, "मिस्त्री तुमच्यासमोर बसलीय. मी नुसता शोभेला."

तो ओशाळला. आधी मान, मग गाल, मग कान असा क्रमाक्रमानं लाल होत गेला. तिनं मान वर केली ती नेमकी कानांच्या वेळी. का कोण जाणे, तिला ते कान आवडले.

फडक्याला हात पुसत ती व्हॅनमध्ये चढली. किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला, सेल्फ खोकला आणि इंजिन धडधडायला लागलं. तिनं हॉर्न दाबला. समोरच्या तारेवरचे कावळे उडाले.

चौघांनी मिळून पाचव्याकडे पाहिलं. त्या नजरेत बरंच काही होतं, पण माणसं सभ्य होती, न बोलता निघून गेली.

"मी शपथेवर सांगतो..." तो म्हणाला.

"शपथ कशाला? डॉक्टरच्या दारात आलं की ताप उतरतो, तसं गाड्यांचंही होतं." तिनं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पूड साचली होती. तिनं गरम पाणी ओतून ती धुतली, घासली, पाना लावून टर्मिनल घट्ट आवळलं. मीटर लावून पाहिलं. बॅटरी ठणठणीत होती. मग एकेक वायर उचलून ती निरखायला लागली.

तो बाजूला उभा राहून बघत होता. पण बॅटरीकडे नाही.

"काय बघताय?"

"काही नाही. तुम्ही वायर फार लांब धरता."

"माझी वायर आहे. कुठेही धरीन."

"वायर माझी आहे," तो हळूच म्हणाला.

तिला हसायचं नव्हतं. पण आतून मामा आधी हसला, मग तिचाही नाइलाज झाला.

मामानं हे दुकान तीस वर्षांपूर्वी काढलं. गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम, बाकी काही नाही. भाची सात वर्षांची असताना तिनं केसातला आकडा सॉकेटमध्ये घालून अख्ख्या गल्लीचे दिवे घालवले, तेव्हापासून मामा तिला फ्यूज म्हणतो आणि गल्ली फ्यूजताई. शाळा सुटली की ती दुकानात यायची, कॉलेज सुटलं तशी दुकानातच राहिली. पुढे मामाचे हात थरथरायला लागले आणि पक्कड आपोआप तिच्या हातात आली. आसपासच्या गावांतले ट्रकवाले तिचं नाव काढायचे. लपलेला दोष शोधावा तर तिनंच, असं सगळे म्हणत. तिलाही ते माहीत होतं. जरा जास्तच माहीत होतं.

आणि तो? तो चष्मेवाला. एका संस्थेची ती व्हॅन. शाळांत, कारखान्यांत, आडगावांत जायचं, माणसांचे डोळे तपासायचे, चष्मे करून द्यायचे. गंमत म्हणजे स्वतः त्याला चष्मा नव्हता.

"आता बंद पडणार नाही," ती म्हणाली.

"नाही?" तो म्हणाला. सुटकेचा श्वास टाकायच्या जागी त्याचा चेहरा जरासा पडला की काय, असं तिला वाटलं. पण मामा आतून बघत होता, म्हणून तिनं तो विचार तिथेच सोडला.

गाडी आठव्या दिवशी परत बंद पडली.

या वेळी एका ट्रॅक्टरनं दोर बांधून ओढत आणली. दोर सोडला, तिनं किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. नुकतीच झोपून उठल्यासारखी टवटवीत. तिनं मेन फ्यूज बदलला. इग्निशन स्विच उघडला, त्याचे पॉइंट घासले, मन भरेना म्हणून नवाच बसवला. दुपारची संध्याकाळ झाली. तो पायरीवर बसून तिला पाने देत राहिला. कुठला पाना हवा ते तिनं सांगायच्या आत त्याच्या हातात तो तयार असायचा, आणि प्रत्येक वेळी चुकीचाच असायचा.

"तुम्ही डोळ्यांचेच डॉक्टर आहात ना?"

"डॉक्टर नाही. नंबर काढतो."

"मग हा बारा नंबरचा पाना आहे की चौदाचा?"

"दोन्ही धूसर दिसतायत," तो म्हणाला. "उन्हामुळे."

त्या आठवड्यात तिनं दुकानातला आरसा पुसला. कितीतरी वर्षं तो ग्रीसनं माखलेला होता. मामाच्या लक्षात आलं, पण तो काही बोलला नाही. समोरचा पंक्चरवाला मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. "फ्यूजताई, बिघाड गाडीत आहे की गाडीवाल्यात?" असं त्यानं भर गल्लीत विचारलं. तिनं ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी तेच चहावाल्यानं विचारलं. तिसऱ्या दिवशी एक जुना ट्रकवाला ट्रक घेऊन आला, दारात थांबला आणि म्हणाला, "त्या डोळेवाल्या व्हॅनचं अजून तुला उमगलं नाही म्हणे. राहू दे, मी पुढच्या नाक्यावर दाखवतो." आणि खरोखरच पुढच्या नाक्यावर गेला.

तेव्हा मात्र ती हसली नाही.

तिसऱ्या वेळी पाऊस होता. दुपारपासून एकसारखा, कंटाळवाणा. साडेचारच्या सुमाराला गल्लीच्या उतारावरून ती निळी व्हॅन येताना दिसली. ढकलायला कोणी नव्हतं. तो एकटाच, एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला लावून, नखशिखांत भिजलेला. पंक्चरवाल्यानं शिट्टी मारली.

ती पायरीवरून उठली. व्हॅनमध्ये चढली. किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली.

इंजिन बंद करून ती खाली उतरली. तीन वेळा. सगळ्या गल्लीसमोर तीन वेळा.

"मजा वाटते तुम्हाला?" ती म्हणाली.

"कसली?"

"एखादी तार सैल करून ठेवायची, ढकलत माझ्या दारात आणायची, आणि तेवढ्यात हळूच घट्ट करायची. मी दहा वर्षं हेच काम करते. मला शिकवू नका."

त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. त्यानं ते पुसलंही नाही. "तुम्हाला असं वाटतं? मी मुद्दाम...?"

"सगळ्या गल्लीला वाटतं."

"गल्लीला नाही विचारलं मी."

ती तोंड फिरवून फडक्याला हात पुसायला लागली.

त्यानं व्हॅनच्या कप्प्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही काढली आणि पायरीच्या कोरड्या कोपऱ्यावर ठेवली. "गाडी कधी, कुठे, कशी बंद पडली ते लिहून ठेवलंय. म्हटलं, तुम्हाला उपयोग होईल." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "शनिवारी डोंगरातल्या सहा वाड्या आहेत. संस्थेनं सांगितलंय, आता एकदा जरी बंद पडली तरी गाडी भंगारात. मग मला शहरातल्या दवाखान्यात बसवतील. म्हणजे तुमचा त्रासही संपेल."

तो व्हॅनमध्ये बसला. डोळे रंगवलेली व्हॅन पावसात वळली आणि गेली.

मामा स्टुलावरून म्हणाला, "फ्यूज."

"काही बोलू नकोस मामा."

"नाही बोलत. नुसती हाक मारली."

संध्याकाळी दुकान आवरताना तिनं ती वही उचलली. टाकून द्यायची म्हणून उचलली, आणि उघडली.

अक्षर बारीक होतं. तिनं वही हात लांब करून धरली. पहिल्या पानावर तारीख, ठिकाण, गाडी किती वाजता थांबवली, किती वाजता मेलेली आढळली, ऊन की सावली, सगळं नीट मांडलेलं. दुकानात आणलेल्या तीन वेळांच्या आधीच्याही चार वेळा होत्या. शाळा. पोस्टाच्या मागचं पटांगण. पुन्हा शाळा. आणि प्रत्येक नोंदीखाली एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत: धावताना कधीच बंद पडली नाही. थांबल्यावर वीस ते तीस मिनिटांनी पडली. ढकलली, ओढली, हिसका बसला की परत चालू.

ती पायरीवरच बसली. अंधारून यायला लागलं होतं. मामानं दिवा लावला.

गरम असताना चालते. गार होताना सुटते. हिसक्यानं परत जुळते. कुठेतरी काहीतरी तुटलेलं आहे, पण टोकाला टोक लागून आहे. मीटर लावला की ठीक दाखवणार, कारण तिच्या दारात येईपर्यंत ते टोक परत चिकटलेलं असणार. हे तिला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. सगळे दिवे, हॉर्न एकदम चालू करून, गाडीवर ओझं टाकून मीटर बघायला हवं होतं. तिनं ते केलं नव्हतं. टर्मिनलची पांढरी पूड दिसली आणि तिला वाटलं, झालं काम.

दोष खरा होता. माणूस खरा होता. खोटं होतं ते एवढंच, की तिला सगळं सापडतं.

शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, बहुधा स्वतःसाठीच: "मिस्त्रीबाई वायर हातभर लांब धरतात. जवळचं दिसत नसावं. डोकंही दुखत असेल. विचारावं का? नको, रागावतील."

तिनं वही मिटली. तिचं डोकं रोज संध्याकाळी दुखायचं. ते तिनं मामालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मामा, उद्या दुकान बघशील?"

"हात थरथरतात माझे. तोंड नाही थरथरत. आलेल्याला थांबवून धरीन." मामानं विचारलं, "माफी मागायला जातेस की गाडी दुरुस्त करायला?"

"दोन्ही."

"आधी माफी माग. गाडी काय, पडूनच असते."

वहीत पुढच्या दिवसांचा कार्यक्रमही लिहिलेला होता. शुक्रवार, शिवणकारखाना. ती हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवून निघाली. कारखाना गावाबाहेर होता, लांबच लांब पत्र्याचं छप्पर आणि आतून शंभर यंत्रांची अखंड घरघर. फाटकाच्या आत, आवारातल्या झाडाखाली, ऊन आलं म्हणून नुकतीच हलवलेली निळी व्हॅन उभी होती. मागचं दार उघडं, त्यावर काळा पडदा, आणि दारापासून थेट कारखान्याच्या पायऱ्यांपर्यंत बायकांची रांग.

तो पडद्याबाहेर आला आणि तिला पाहून थबकला.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

"रांगेत या," तो म्हणाला. रागानं नाही. पण हसूनही नाही.

ती रांगेत उभी राहिली. पुढे काजं करणारी एक वयस्क मावशी होती. तिनं मागे वळून हिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातातली पिशवी पाहिली, बोटांचं काळं ग्रीस पाहिलं.

"सुईत दोरा ओवताना दिसत नाही का गं?"

"मी शिवत नाही मावशी. गाड्यांच्या वायरी जोडते."

"मग ती तूच." मावशी समजूतदारपणे मान हलवत म्हणाली. "सकाळपासून त्या पोराचं लक्ष नाही. माझ्या पुढचीला दोनदा डावा डोळा झाकायला लावला."

मावशी आत जाऊन आली. मग हिचा नंबर आला. आत एक खुर्ची, एक छोटा पंखा, समोर उजेडाच्या पेटीवर अक्षरांचा तक्ता. पडदा पडला आणि बाहेरची घरघर लांब गेल्यासारखी झाली.

"बसा."

"मी डोळे तपासायला नाही आले. माझी चूक झाली, हे सांगायला आले. दोष गाडीतच आहे, आणि तो मला सापडला नाही. तुमच्यावर ढकलला. सगळ्यांसमोर. मला तसं बोलायला नको होतं."

त्यानं छोटा पंखा तिच्याकडे वळवला. मग म्हणाला, "वही वाचलीत?"

"वाचली. शेवटच्या पानापर्यंत."

त्याचे कान लाल व्हायला लागले. "ते... ते तुमच्यासाठी नव्हतं."

"कळलं मला. रोज दुखतं डोकं. संध्याकाळी."

"मग बसा ना," तो म्हणाला, आणि या वेळी आवाज वेगळा होता.

ती बसली. त्यानं एक जड, गोल चौकट तिच्या नाकावर ठेवली, कानामागून नीट केली. बोटं कानाला लागली न लागली. लाकडी खोक्यातून तो एकेक भिंग काढून त्या चौकटीत घालायला लागला. हातात बारीक अक्षरांचा पुठ्ठा दिला.

"आता बरं, की मघाशी?"

"मघाशी."

"आता?"

"आता... जरा बरं."

"लहानपणापासूनच थोडा नंबर असणार. कोवळ्या वयात डोळे ओढून नेतात, तिशीनंतर थकतात. हलू नका." तो पुढे वाकला, डाव्या डोळ्यासमोरचं भिंग बदललं. "आणि आता?"

तिनं पुठ्ठ्यावरून नजर उचलली. तो वीतभर अंतरावर होता. इतक्या जवळचं माणूस तिला नेहमी धूसर दिसायचं, ते तसंच असतं अशी तिची समजूत होती. आज पहिल्यांदा सगळं दिसत होतं. भुवईतला बारीक व्रण. दाढी करताना हनुवटीखाली राहून गेलेले दोन केस. रात्री नीट झोप न झालेले डोळे. आणि त्या डोळ्यांतलं कुतूहल, जे त्यानं लपवायला विसरून तसंच ठेवलं होतं.

"कसं दिसतंय?" त्यानं विचारलं.

"छान."

"मी अक्षरांचं विचारतोय."

"मीही... अक्षरांचंच..." ती म्हणाली, आणि तेवढ्यात पंखा थांबला. उजेडाची पेटी विझली. काळ्या पडद्याआड गुडूप अंधार झाला.

"गेली," तो पुटपुटला. "परत गेली." तो उठायला लागला.

तिनं अंधारात त्याचं मनगट धरलं. "हलू नका."

"पण..."

"अजिबात हलू नका. सात वेळा ही मेली आणि तीन वेळा माझ्या दारात येऊन जिवंत झाली. आज मेलेलीच हवी आहे." तिनं पडद्याबाहेर आवाज दिला, "मावशी, गाडीला कोणी टेकू नका. दार आपटू नका."

बाहेर चटकन शांत झालं. मांजरीच्या पावलांनी ती खाली उतरली. नाकावरची जड चौकट तशीच होती, ती काढायचं तिला सुचलं नाही. पिशवीतून तिनं टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. बॉनेट इतकं हळू उघडलं की तेही कुरकुरलं नाही. तो मागोमाग आला, श्वास रोखून.

एक टोक तिनं बॅटरीच्या प्लसला लावलं, दुसरं मायनसला. बल्ब लख्ख पेटला.

"बॅटरी चांगली आहे," ती कुजबुजली. मग दुसरं टोक मायनसवरून काढून गाडीच्या उघड्या पत्र्याला लावलं.

बल्ब विझलेलाच राहिला.

तिच्या अंगावर काटा आला. "दिसलं? बॅटरीतून वीज वायरीनं जाते, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. पत्रा आणि बॅटरी यांना जोडणारी ही जाड काळी वायर, ही अर्थची. हीच तुटलीय. गाडीला अर्थ मिळत नाहीये."

"गाडीचं सोडा," तो तितक्याच हळू म्हणाला. "सध्या मलाही कशाचा अर्थ लागत नाहीये."

"तुमचं नंतर बघू. टॉर्च धरा."

त्यानं टॉर्च धरली. काळ्या वायरीच्या टोकाला धातूचं थिंबल दाबून बसवलेलं होतं आणि ते पत्र्याला बोल्टनं आवळलेलं. हे टोक तिनं दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा हात लांब करून. आज ती जवळ वाकली, वीतभर अंतरावर, आणि भिंगांतून तिला थिंबलच्या तोंडाशी हिरवट पुडीची केसाएवढी रेघ दिसली. तिनं बोटानं वायर किंचित दाबली. व्हॅनच्या आत पंखा फिरायला लागला. बोट काढलं, पंखा थांबला.

"मावशी, दिसतंय का हो?" तिनं विचारलं.

"दिसतंय गं," मावशी हळूच पडदा सारून आत बघत म्हणाली. "फिरतोय, थांबतोय."

तिनं बॅटरी सोडवली, काळं आवरण कापून सोललं. आत तांब्याच्या सगळ्या तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या, नुसत्या एकमेकींना टेकून होत्या. वरून वायर धडधाकट. तिनं कुजलेला भाग कापून टाकला, चांगलं तांबं लागेपर्यंत मागे गेली, नवं थिंबल दाबून बसवलं, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि बोल्ट आवळला. मग सगळे दिवे, वायपर, पंखा, हॉर्न एकदम चालू करून मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. बॉनेटवर तिनं दोन बुक्क्याही मारल्या. काही विझलं नाही.

रांगेतल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. तेव्हा कुठे तिला नाकावरच्या चौकटीची आठवण झाली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू द्या," तो म्हणाला. "चांगली दिसते."

"मी की चौकट?"

"मी अक्षरांचं बोलत होतो."

रांग संपायला चार वाजले. ती थांबली. थांबायचं काही कारण नव्हतं, म्हणून ती हत्यारं पुसत बसली, एकेक पाना दोनदोनदा. कारखान्याची घंटा झाली, बायका घरी निघाल्या. मावशीनं जाता जाता दोघांकडे पाहिलं आणि दुसऱ्या बायकांना ढकलत पुढे नेलं.

तो तिच्या शेजारी व्हॅनच्या पायरीवर येऊन बसला.

"आता बंद पडणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. संस्थेला कळवलं. गाडी राहतेय. मीही राहतोय."

"चांगलं झालं." तिनं चौदाचा पाना परत पुसला. "म्हणजे आता आमच्या गल्लीत यायची गरज नाही."

"नाही." तो पायरीवर सावरून बसला. "एक सांगायचंय. तुम्ही सकाळी माफी मागितलीत, ती मला सगळी ठेवून घेता येणार नाही. अर्धी परत घ्या."

"म्हणजे?"

"तिसऱ्या वेळी, पावसात... गाडी खरीच बंद पडली होती, नदीजवळ. उतार होता म्हणून ढकलत आणली. पण तुमच्या गल्लीच्या दोन वळणं आधी चाक खड्ड्यात आदळलं, आणि समोरचा लाल दिवा लागला." त्यानं हातांकडे पाहिलं. "मला कळलं होतं, आता सुरू होईल. बसून सरळ घरी जाता आलं असतं."

"मग?"

"मग मी किल्ली बंद केली आणि ढकलत राहिलो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या पावसात, एकटा, खांदा लावून, चालू गाडी ढकलणारा माणूस.

"मूर्ख आहात," ती म्हणाली.

"आहे. तुम्ही म्हणालात ना, मजा वाटते का. मला बोलताच आलं नाही, कारण अर्धं खरंच होतं. मला गाडी दुरुस्त व्हायला हवी होती. आणि ती होऊ नये असंही वाटत होतं. गाडी बंद पडल्याशिवाय तुमच्या दारात यायला मला दुसरं काही कारण सुचलं नाही. अजूनही सुचत नाहीये."

आवारात आता कोणी नव्हतं. झाडावरून कालच्या पावसाचा एखादा थेंब टपावर पडत होता. तिनं पाना पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद ओढला, सोडला, परत ओढला.

"मी आरसा पुसला," ती म्हणाली.

"कुठला आरसा?"

"दुकानातला. तुम्ही दुसऱ्यांदा येऊन गेलात तेव्हा. कारण मलाही माहीत नव्हतं. मामाला होतं." तिनं मान वर केली. चौकट त्यानं कधीच काढून घेतली होती, त्यामुळे तो तिला परत धूसर दिसत होता. म्हणून तिनं त्याचा हात शोधला, आणि तो सापडायला काही वेळ लागला नाही. "कारण नसताना या. चहा मामा करतो, हात थरथरतात त्यामुळे अर्धा बशीत येतो."

तो हसला. पहिल्यांदाच मोकळा हसला. "उद्या डोंगरात जायचंय. पहाटे निघणार. नवी जोडणी आहे, कोणी जाणकार बरोबर असलेलं बरं... म्हणजे, गाडीसाठी."

"गाडीसाठी?"

"नाही," तो म्हणाला. "गाडीसाठी नाही."

शनिवारी उजाडता उजाडता व्हॅन दुकानासमोर येऊन उभी राहिली. मामा आधीच स्टुलावर बसला होता. पंक्चरवाला दात घासत बाहेर आला आणि सवयीनं बाह्या सरसावायला लागला.

चष्मेवाल्यानं एक छोटी डबी पुढे केली. रातोरात करवून आणलेला चष्मा होता, पातळ काळ्या काड्यांचा. तिनं तो घातला आणि आधी मामाकडे पाहिलं. मामाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या सुरकुत्या तिनं इतक्या स्पष्ट कधी पाहिल्या नव्हत्या. किती म्हातारा झाला होता तो, आणि किती खूश दिसत होता.

"संध्याकाळपर्यंत येईन मामा."

"ये सावकाश. ट्रकवाला आला तर सांगतो, सापडला म्हणावं दोष."

ती पुढच्या सीटवर बसली. त्यानं दार लावून घेतलं, किल्ली फिरवली, गिअर टाकला. समोर गल्लीचा उतार ओला होता.

"हळू चालव," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. "काय म्हणालीस?"

"हळू चालव म्हटलं. रस्ता ओला आहे."

त्याचा पाय क्लचवरून सुटला. व्हॅन एक गचका खाऊन बंद पडली. पंक्चरवाला धावत मागे आला, दोन्ही हात मागच्या दाराला लावून ढकलायच्या तयारीत.

"ढकलू नका हो," तिनं खिडकीतून सांगितलं. "या वेळी गाडीचा काही दोष नाही." मग ती आत वळली. त्याचे कान लाल होते. ते इतक्या जवळून, इतके स्वच्छ दिसताना तिला हसू आवरेना. "फिरव किल्ली. होईल चालू."

त्यानं फिरवली. गाडी पहिल्या फिरकीला चालू झाली, आणि उतारावरून डोंगराच्या रस्त्याला लागली.